असिस्टंट मॅनेजर व्हायचं की डिझाइन शिकायचं? दोन ऑफर आहेत, शुक्रवारपर्यंत सांगायचंय

टेस्टबेंच_बडोदा:
नमस्कार मंडळी. वय २९, डिप्लोमा इलेक्ट्रिकल, सहा वर्षं झाली मकरपुरा जीआयडीसीत ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्यात टेस्टिंगला आहे, हातात ३८ हजार येतात. आता दोन ऑफर आल्यात. एक मोठ्या कंपनीत, असिस्टंट मॅनेजर, सेल्स को-ऑर्डिनेशन, ५५ हजार, काम म्हणजे टेंडरचे कागद गोळा करायचे, कस्टमरला डिस्पॅचची तारीख सांगायची, एक्सेल शीट पुढे पाठवायची. दुसरी छोटी कंपनी, चाळीसेक माणसं, पद नुसतं इंजिनियर, ४१ हजार, पण डिझाइनमधे घेतायत. तिथे एक वयस्कर डिझाइनर आहेत ते अजून दोन-तीनच वर्षं येणार, शेठ म्हणाले त्यांच्या हाताखाली बस.

मला मनापासून डिझाइन शिकायचंय. सहा वर्षं मी रेशो बघतोय, वाइंडिंगचा (तारेच्या गुंडाळीचा) रेझिस्टन्स घेतोय, नो-लोड लॉस (लोड नसतानाही कोरमधे वाया जाणारी वीज) आणि लोड लॉस (लोड आल्यावर वाइंडिंगमधे वाया जाणारी) काढतोय, पण रीडिंग असं का आलं हे विचारायला गेलो की डिझाइनवाले म्हणतात तू तुझा रिपोर्ट भर. घरी मात्र सगळ्यांना असिस्टंट मॅनेजर हवाय, माझ्या लग्नाचं बघतायत, मामांनी तर बायोडाटात लिहूनसुद्धा टाकलं. मांजलपूरच्या फ्लॅटचा हप्ता १४ हजार आहे. तुम्ही काय केलं असतं?

वाडीवाली:
दादा, माझं सांगते, मग तू ठरव. मी अकाउंट्समधे होते, जीएसटीचे रिटर्न स्वतः भरायचे, ऑडिटच्या वेळी सीएसमोर मीच बसायचे. मग एका कंपनीत डेप्युटी मॅनेजर म्हणून गेले, केबिन मिळाली, हाताखाली तीन मुलं, आई सगळ्या सोसायटीत सांगत फिरली. तीन वर्षं मी फक्त मेल पुढे ढकलले आणि मीटिंगमधे बसले. ते डिपार्टमेंट बंद झालं तेव्हा इंटरव्ह्यूला गेले, समोरच्यांनी साधा इनपुट क्रेडिट जुळवण्याचा प्रश्न विचारला आणि मला नीट सांगता येईना, जे काम मी झोपेत करायचे ते हातातून गेलं होतं. खूप रडले होते त्या दिवशी. पुढच्या नोकरीत सीनियर अकाउंटंट म्हणून लागले, म्हणजे दोन पायऱ्या खाली, आणि वर्षभर परत सगळं शिकले. आता बरं चाललंय. पण ती तीन वर्षं परत मिळाली नाहीत.

सयाजीगंज_१२:
मी जरा उलटं बोलणार आहे, राग मानू नकोस. “इथे शिकायला मिळेल” हे वाक्य सांगून कमी पगारात राबवणारे पण भरपूर आहेत, मी स्वतः एका ठिकाणी दीड वर्ष फसलो, शिकवणारा माणूस दोन महिन्यांत सोडून गेला आणि मी स्टोअर सांभाळत बसलो. महिन्याला १४ हजार कमी म्हणजे तुझा अख्खा हप्ता. आणि पदनामाला काहीच किंमत नाही असं पण नाही रे, पुढच्या नोकरीला फोन येतो तो ते बघूनच येतो. त्यामुळे शेठना आधी विचार, सहा महिन्यांनी माझ्या हाताने काय करून घेणार, पूर्ण डिझाइन शीट की नुसतं ड्रॉइंग ट्रेस करणं? टेस्टिंगचा माणूस रजेवर गेला की मलाच पाठवणार का? आणि ते डिझाइनर काका, त्यांना स्वतःला शिकवायचंय का? त्यांना एकदा भेटल्याशिवाय हो म्हणू नकोस.

दांडियाबाजारकर:
मी ३१ वर्षं ट्रान्सफॉर्मरमधे काढली, आधी वाइंडिंगवर मग डिझाइनला, आता रिटायर आहे, म्हणून थोडं लांबलचक लिहितो. बाळा, तू टेस्टिंगला बसून जे रीडिंग बघतोस ते सगळं डिझाइनच्या टेबलावर ठरलेलं असतं. कोरमधे, म्हणजे पत्र्यांच्या लोखंडी गाभ्यात, फ्लक्स डेन्सिटी (चुंबकीय फ्लक्सची दाटी) जरा वर नेली की कोर लहान होतो, माल वाचतो, पण नो-लोड लॉस आणि आवाज वाढतो. कंडक्टरमधे करंट डेन्सिटी उतरवली की लोड लॉस कमी होतो पण तांबं वाढतं आणि तांब्याचा भाव कुणाच्या हातात नाही. टेंडरमधे लॉसची रक्कम लावलेली असते, म्हणजे दर वॉटला अमुक रुपये, तेव्हा कुठला लॉस किती ठेवायचा हा सगळा तोल डिझाइनरने सांभाळायचा. हे पुस्तकात आहे, पण हिशोब चार वेळा चुकल्याशिवाय आणि वर कुणीतरी लाल पेन्सिलने गोल केल्याशिवाय अंगात येत नाही.

आणि तुझी सहा वर्षं वाया नाही गेली. कोरची पत्री कुणी आदळली, कापताना बर म्हणजे खरखरीत कड राहिली, जॉइंटमधे गॅप पडली तर हिशोबात नसलेला लॉस येतो, हे टेस्टिंगवाल्याने डोळ्यांनी पाहिलेलं असतं, नुसत्या कॉलेजमधून आलेल्या डिझाइनरने नाही. टेस्टिंगमधून आलेला डिझाइनर वर्षभरात पुढे जातो, मी दोघांना जाताना पाहिलंय.

आपण बडोद्याचे आहोत म्हणून एक आठवण करून देतो. सयाजीराव महाराजांनी १८९० साली कलाभवन काढलं ते हाताने काम करणारी माणसं तयार व्हावीत म्हणून. दादासाहेब फाळके तिथेच फोटोग्राफी शिकले, पुढे पुरातत्त्व खात्याची सरकारी नोकरी होती ती सोडली, छपाईच्या धंद्यात गेले, आणि १९१२ मधे वयाच्या ४१ व्या वर्षी सिनेमाचं तंत्र शिकायला लंडनला गेले. तू २९ चा आहेस.

वर सयाजीगंजवाल्यांनी जे विचारायला सांगितलंय ते मात्र शंभर टक्के विचार. ते काका शिकवणारे नसतील तर माझं सगळं बोलणं फुकट आहे.

वाडीवाली:
आणि लग्नाचं म्हणशील तर मुलीला स्वतः सांग तू काय शिकतोयस आणि का. मला असा कुणी भेटला असता तर आवडलं असतं.

टेस्टबेंच_बडोदा:
सगळ्यांचे आभार, काल संध्याकाळी जाऊन आलो. डिझाइनर काका कमी बोलतात, पण मला २५ केव्हीएचं जुनं डिझाइन समोर ठेवलं आणि म्हणाले यात टर्न्स (तारेचे वेढे) कमी केले तर काय काय बदलेल सांग. मी फ्लक्स वाढेल म्हणालो, नो-लोड लॉस वाढेल म्हणालो, इम्पीडन्सवर (ट्रान्सफॉर्मरचा करंटला होणारा आतला अडथळा) अडकलो. त्यांनी पेन काढून वीस मिनिटं समजावलं, चहा थंड झाला त्यांचा. सहा वर्षांत मला असं कुणी बसवून सांगितलं नव्हतं. शेठनी पण लिहून द्यायची तयारी दाखवली, सहा महिन्यांनी छोटी रेटिंग स्वतंत्र देणार आणि वर्षाने पगार परत बघणार. हप्त्याचा हिशोब बाबांबरोबर बसून केला, बाइक बदलायची नाही, जमेल. आई अजून नाराज आहे, तिला वेळ लागेल. मोठ्या कंपनीला आज नाही म्हणून मेल केला.

दांडियाबाजारकर काका, इम्पीडन्सचं मला अजून पक्कं कळलेलं नाही, एचव्ही-एलव्ही, म्हणजे जास्त आणि कमी व्होल्टेजच्या वाइंडिंगमधली गॅप वाढवली की वाढतो इथपर्यंत आलो, वाइंडिंगची उंची वाढवली की कमी का होतो?

दांडियाबाजारकर:
लीकेज फ्लक्सचा, म्हणजे कोर सोडून वाइंडिंगमधल्या गॅपमधून जाणाऱ्या फ्लक्सचा, रस्ता लांब होतो म्हणून. टाइप करून नाही सांगता येणार, आकृती काढावी लागते. माझ्या हातच्या जुन्या डिझाइनच्या वह्या आहेत चार. मेसेजमधे पत्ता पाठवतो, रविवारी सकाळी दहाला ये, कॅल्क्युलेटर घेऊन ये.