मदत हवी आहे: आमदारबाईंचं 'समर अपडेट' आलंय (न्यू जर्सी), त्यातलं आम्हाला नक्की काय लागू होतं?

गवतीचहा | 9 जुलै 2025

नमस्कार मंडळी,

आम्ही मिडलसेक्स काउंटीत राहतो. नवरा सिटिझन, मी ग्रीन कार्डवर. सासूबाई गेल्यावर सासरे आमच्याकडे आले, त्यांना ग्रीन कार्ड मिळून दोन वर्षं झाली. वय 72, जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त. हे सगळं सांगायचं कारण पुढे येईलच.

गेल्या आठवड्यात आमच्या भागातल्या असेंब्लीवूमनचं चार पानी चकचकीत पत्रक पोस्टाने आलं. एरवी असली पत्रकं पिझ्झाच्या कुपनांबरोबर थेट रिसायकलिंगच्या निळ्या डब्यात जातात. या वेळी पेटी बाबांनी (सासऱ्यांनी) उघडली. आता ते पत्रक पंच करून फायलीत लागलंय आणि त्यावर लाल पेनाने खुणा आहेत. रोज संध्याकाळी मी लॅपटॉप मिटला की "सूनबाई, हे तिसऱ्या पानावरचं काय?" असा तास सुरू होतो. मला अर्ध्याची उत्तरं येत नाहीत.

त्यात काय काय आहे: प्रॉपर्टी टॅक्सच्या सवलती (अँकर, सीनियर फ्रीझ, स्टे एनजे), 'अनक्लेम्ड प्रॉपर्टी' (राज्याकडे पडून असलेले आपले विसरलेले पैसे) शोधा, विजेच्या बिलासाठी मदत, उन्हाळ्यातली कूलिंग सेंटर्स (उकाड्यात बसायला थंड जागा), रिअल आयडी (विमानप्रवासाला चालणारं नवं ओळखपत्र), त्यांच्या ऑफिसात मोफत नोटरी, आणि एका शनिवारी सकाळी मोफत श्रेडिंग. या शेवटच्यावर बाबा अडकलेत. "आमदार लोकांचे कागद फुकट फाडून देणार? आपल्याकडे रद्दीवाला वर पैसे देतो!"

माझे प्रश्न. पहिला आणि मुख्य म्हणजे, मी आणि बाबा मतदार नाही. मग या बाईंच्या ऑफिसात काम घेऊन जायचा आम्हाला हक्क आहे का, की दारातच विचारतील? उद्या सिटिझनशिपच्या वेळी 'सरकारी मदत घेतली' असं काही अंगाशी यायला नको.

दुसरा, त्या तीन टॅक्स योजनांपैकी आम्हाला काही आहे का? घर माझ्या आणि नवऱ्याच्या नावावर आहे, आम्ही दोघंही चाळिशीत.

तिसरा बाबांचा. दर नोव्हेंबरला पेन्शनसाठी हयातीचा दाखला लागतो. गेल्या वर्षी कॉन्सुलेटसाठी एक अख्खा दिवस मॅनहॅटनला गेला आणि बाबांचे गुडघे आठवडाभर बोलत होते. ही मोफत नोटरी त्याला चालेल का?

---

एडिसनकर | 9 जुलै

आधी 'आमदार' म्हणजे इथे कोण ते सांगतो, कारण निम्मा गोंधळ तिथेच होतो. न्यू जर्सीत 40 डिस्ट्रिक्ट, म्हणजे मतदारसंघ. प्रत्येकातून एक सेनेटर आणि दोन असेंब्ली मेंबर, म्हणजे तुमच्या भागाला एकूण तीन आमदार. एका डिस्ट्रिक्टमध्ये साधारण दोन लाख तीस हजार माणसं येतात, आणि ती जनगणनेतली माणसं असतात, मतदार नव्हेत. तुम्ही, बाबा, शेजारचा एफ-1 वाला (विद्यार्थी व्हिसावरचा) मुलगा, सगळे त्यात मोजलेले आहात. ऑफिसात गेल्यावर पत्ता विचारतील, तो डिस्ट्रिक्टमधला आहे एवढंच बघायला. मी स्वतः एच-1बी वर असताना गेलोय, मोटर व्हेईकलमध्ये लायसन्सचं घोडं अडलं होतं तेव्हा.

फक्त काम राज्याचं हवं. मोटर व्हेईकल, राज्याचा टॅक्स, बेकारी भत्ता, अँकरचा अडकलेला चेक, अशा गोष्टी. ग्रीन कार्ड, व्हिसा, सोशल सिक्युरिटी, पासपोर्ट हे फेडरल. त्यासाठी वॉशिंग्टनला गेलेल्या तुमच्या काँग्रेसमनचं किंवा यूएस सेनेटरचं लोकल ऑफिस गाठायचं. तिथे प्रायव्हसी रिलीज फॉर्मवर सही दिल्याशिवाय ते तुमच्या फायलीबद्दल यूएससीआयएसला (इमिग्रेशन खात्याला) विचारू शकत नाहीत. लोक आय-485 ची (ग्रीन कार्डच्या अर्जाची) तक्रार घेऊन असेंब्लीवाल्यांकडे जातात आणि हात हलवत परत येतात.

---

हिशेबनीस | 10 जुलै

टॅक्सचं मी सांगते, दर वर्षी निम्म्या सोसायटीचे फॉर्म माझ्याच डायनिंग टेबलवर भरले जातात.

सीनियर फ्रीझ आणि स्टे एनजे विसरा. स्टे एनजे 65 च्या पुढच्या घरमालकांसाठी आहे, सीनियर फ्रीझही मुख्यतः त्याच वयाच्या मालकांसाठी. बाबांचं वय बसतं, पण घर त्यांचं नाही. तुमच्यासाठी अँकर. 1 ऑक्टोबर 2024 ला घर तुमचं होतं, तुम्ही त्यातच राहत होतात आणि 2024 चं उत्पन्न दीड लाखापर्यंत असेल तर 1,500 डॉलर. दीड ते अडीच लाखांत 1,000. त्यावर काही नाही. भाड्याने राहणाऱ्यांनाही मिळतं हे अनेकांना माहीतच नसतं: दीड लाखापर्यंत उत्पन्न असेल तर 450. तुमच्या ओळखीत कुणी अपार्टमेंटमध्ये असेल तर जरूर सांगा.

65 च्या आतल्यांपैकी बऱ्याच जणांचा अर्ज राज्य आपणच भरतं आणि तसं पत्र पाठवतं. गेल्या वर्षी आमचं ऑगस्टमध्ये आलं होतं. ते पत्र जाहिरात समजून टाकू नका. बँक खातं किंवा पत्ता बदलला असेल तर 'आपोआप भरलंय' म्हणून बसू नका, स्वतः भरा. 65 च्या वरच्यांना या वर्षीपासून तिन्ही योजनांचा मिळून एकच फॉर्म आहे, पास-1, शेवटची तारीख 31 ऑक्टोबर. कशाला पात्र आहात ते राज्य ठरवतं.

ही सवलत म्हणजे तुम्हीच भरलेल्या कराचा तुकडा परत. इथे सरासरी प्रॉपर्टी टॅक्सच वर्षाला दहा हजारांच्या वर गेलाय, तेव्हा 'सरकारी मदत घेतली' असं मनात आणू नका.

---

पारसिपनीपार | 10 जुलै

एक आयडिया: बाबांचं नाव डीडवर (घराच्या मालकीच्या कागदावर) घाला, स्टे एनजे मिळेल! अर्ध्यापर्यंत टॅक्स परत येतो म्हणे, जास्तीत जास्त 6,500.

---

हिशेबनीस | 10 जुलै

@पारसिपनीपार, कृपा करून असले सल्ले देऊ नका. डीड बदललं की मॉर्टगेजवाले, गिफ्ट टॅक्सचा फॉर्म आणि पुढे वारसाहक्क, सगळं मागे लागतं. शिवाय भावंडं असली तर घरात महाभारत. 6,500 साठी वकिलाला किती मोजाल?

---

गवतीचहा | 10 जुलै

धन्यवाद! बाबांना वाचून दाखवलं. महाभारताच्या वाक्यावर ते मनापासून हसले, कारण गावाकडच्या सातबाऱ्यावर अजून पाच नावं आहेत.

विजेचं कुणी सांगेल का? जूनचं बिल बघून धसका घेतलाय. बाबा दुपारी एसी बंद करून खिडकीशी बसतात, "वारा आहे की" म्हणत. काल बाहेर 96 फॅरनहाइट होतं.

---

एडिसनकर | 11 जुलै

बिल सगळ्यांचंच फुगलंय. 1 जूनपासून कंपनीनुसार साधारण 17 ते 20 टक्के वाढ आहे. मदतीची मोठी योजना लिहीप, पण ती उत्पन्नावर आहे आणि घरातल्या सगळ्यांचं उत्पन्न धरतात, त्यामुळे दोन पगारांच्या घराला मिळणं कठीण. बसत असेल तर 2-1-1 या हेल्पलाइनला फोन करा. कूलिंग सेंटर कुठे आहे तेही तेच सांगतात. खरं तर तुमची टाऊनशिपची लायब्ररीच बहुधा कूलिंग सेंटर असेल. बाबांना तिथे नेऊन सोडा. एसी फुकट, वर्तमानपत्रं फुकट, आणि समवयस्क काका भेटतील. आमच्या लायब्ररीत दुपारी तीनला गुजराती-मराठी-तेलुगू अशी त्रिभाषिक पार्लमेंट भरते.

72 वयाला आणखी दोन गोष्टी, ज्या पत्रकात नाहीत. एनजे ट्रान्झिटमध्ये 62 च्या पुढे निम्म्या किंवा त्याहून कमी तिकिटात प्रवास. आणि स्टेट पार्कचा सीनियर पास 62 च्या वरच्या रहिवाशांना मोफत. दोन्हीला सिटिझन असावं लागत नाही.

रिअल आयडीचं टेन्शन नको. 7 मेपासून विमानासाठी लागतो हे खरं, पण ग्रीन कार्ड किंवा भारतीय पासपोर्ट दाखवला तरी टीएसएला (विमानतळावरच्या तपासणीवाल्यांना) चालतो. त्यासाठी मोटर व्हेईकलच्या अपॉइंटमेंटमागे धावू नका.

औषधांसाठी पाड नावाची योजना आहे, ज्येष्ठांना जेनेरिक 5 डॉलर, ब्रँडेड 7. पण बाबांचं मेडिकेअरचं (ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्य विम्याचं) आधी बघा. ग्रीन कार्डवाल्या ज्येष्ठांना इथे सलग पाच वर्षं झाल्यावर मेडिकेअर विकत घेता येतं, म्हणजे अजून तीन वर्षं आहेत.

---

टाकाऊटिकाऊ | 12 जुलै

हयातीच्या दाखल्याचं माझ्याकडे. आई-बाबा दोघांचं सहा वर्षं करतेय.

परदेशात राहणाऱ्या पेन्शनरच्या दाखल्यावर मॅजिस्ट्रेट, नोटरी, बँक अधिकारी किंवा भारतीय वकिलातीचा अधिकारी सही करू शकतो. म्हणजे नोटरी चालते. पण दोन खाचखळगे आहेत. इथली नोटरी 'हा माणूस जिवंत आहे' असं स्वतः प्रमाणित करत नाही. ती फक्त म्हणते की हा माणूस माझ्यासमोर आला, ओळख पटवली आणि सही केली. म्हणून कागदावर 'मी अमुक, आज हयात आहे' असं बाबांचं स्वतःचं निवेदन हवं, आणि सही तिच्यासमोरच. आम्ही पहिल्या वर्षी घरूनच सही करून नेली आणि तशीच परत आणली. दुसरं, फॉर्म मराठीत असेल तर नोटरी का-कू करते. इंग्रजी नमुना न्या.

आणि सगळ्यात आधी बाबांच्या बँकेत किंवा ट्रेझरीत विचारा की त्यांना अमेरिकन नोटरी पुरते की वर अपोस्टिल (परदेशात कागद चालावा म्हणूनचं सरकारी प्रमाणपत्र) लागतं. अपोस्टिल राज्याकडून मिळतं, कागदामागे 25 डॉलर. एका ठिकाणी आमचा दाखला बाईंनी तसाच घेतला, दुसऱ्या ठिकाणी साहेबांनी शिक्का गोल नाही म्हणून परत पाठवला. पोस्टाने जायला वेळ लागतो हेही धरा, नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका.

हो, अनक्लेम्ड प्रॉपर्टी शोधताना आपल्या नावांचा घोळ लक्षात घ्या. आपलं मधलं नाव वडिलांचं असतं आणि इथले क्लार्क त्यालाच आडनाव समजून नोंदवतात. तिन्ही नावं उलटसुलट करून, स्पेलिंग बदलून, जुन्या पत्त्यांवरही शोधा. राज्याच्या साइटवर शोधणं आणि दावा करणं फुकट आहे.

---

गवतीचहा | 17 ऑगस्ट

उशिरा लिहितेय, पण धागा अर्धवट सोडणाऱ्यांचा मलाच राग येतो, म्हणून.

अनक्लेम्ड प्रॉपर्टी: सापडली! नवऱ्याच्या जर्सी सिटीतल्या पहिल्या अपार्टमेंटचं वीज डिपॉझिट, 86 डॉलर, आडनावाच्या जागी सासऱ्यांचं नाव. गंमत म्हणजे वसंत ऋतूत कुठल्याशा कंपनीचं पत्र आलं होतं, 'तुमचे पैसे शोधून देतो, 20 टक्के आमचे'. तेच हे पैसे. बाबांनी ते पत्रही फायलीत लावलंय, 'काय करू नये' या विभागात.

अँकरचं पत्र आलं, खातं बरोबर होतं.

शनिवारी श्रेडिंगला गेलो. शाळेच्या पार्किंगमध्ये एक मोठा ट्रक, गाड्यांची रांग, गाडीतून उतरायचंही नाही. मुलाने डिकी उघडली, खोकं उचललं, ट्रकच्या बाजूच्या डब्यात ओतलं आणि एका छोट्या स्क्रीनवर आमची दहा वर्षांची बँक स्टेटमेंट्स शेवयांसारखी होताना दाखवली. बाबा खाली उतरलेच. मुलाला 'थँक यू' म्हणून रिकामं खोकं परत मागून घेतलं. "चांगलं पुठ्ठ्याचं आहे."

ऑफिसातही जाऊन आलो. मतदार आहात का, कुठल्या पार्टीचे, काही विचारलं नाही, फक्त पत्ता. नोटरी करणाऱ्या बाईंनी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यातली वेळ लिहून दिली. पासपोर्ट आणा आणि आधी सही करू नका, असं बजावलं (टाकाऊटिकाऊ, तुम्हाला मनात साष्टांग). बाबांच्या बँकेला ईमेल केलंय, अपोस्टिलचं उत्तर यायचंय. आलं की इथे लिहीन.

निघताना मी दार ढकललं तर बाबा मागेच. त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढला होता. आमच्या कोपऱ्यावरच्या खड्ड्याचं चित्र, फुटपट्टीने काढलेलं, लांबी-रुंदी लिहून. बाईंनी ते खूप लक्ष देऊन बघितलं आणि म्हणाल्या, हा रस्ता राज्याचा नाही, काउंटीचा किंवा टाऊनशिपचा असेल, त्यांना कळवा. बाबांना हे उत्तर अगदी ओळखीचं वाटलं.

तर आता शेवटचा प्रश्न: रस्ता काउंटीचा आहे की टाऊनशिपचा, हे कुठे बघायचं?

---

एडिसनकर | 17 ऑगस्ट

रस्त्यावर पंचकोनी निळी पाटी आणि त्यात पिवळा आकडा आहे का बघा. असेल तर काउंटीचा. पाटी नसली तरी खात्री नाही, मग टाऊनशिपच्या पब्लिक वर्क्सला फोन करून क्रॉस स्ट्रीट सांगा, तेच सांगतील कुणाचा ते. आणि ते चित्र इथे टाका ना!