वारुळावरची सगळी अळंबी काढायची की थोडी उमलू द्यायची?

कातळसडा:
श्रावण लागला की कुडाळ, सावंतवाडी, बांद्याच्या बाजारात पानांवर अळंब्यांचे वाटे लागतात. हल्ली त्यात मिटलेल्या कळ्याच जास्त, छत्री उघडलेली शोधावी लागतात. कारण उघड आहे, कळी टिकते, भाव चांगला येतो, आणि आपण नाही काढली तर तासाभरात दुसरा कोणी काढतो. माझं मत असं की बंदी अजिबात नको, पण गावाने दोन गोष्टी ठरवाव्यात. एका वारुळावरची सगळी अळंबी काढायची नाही, थोडी उमलून तिथेच कुजू द्यायची. आणि पहार घालून वारूळ खणायचं नाही.

का ते सांगतो. ही अळंबी म्हणजे टर्मिटोमायसिस नावाची बुरशी, ती वाळवीशिवाय उगवत नाही. वाळवी सुकी पानं, काटक्या, गवत खाते आणि वारुळात त्याचा स्पंजासारखा पोळा रचते, त्या पोळ्यावर ही बुरशी वाढते आणि लाकडातला कठीण भाग पचवून वाळवीला खायला तयार करून देते. पाऊस मुरला की त्याच पोळ्यातून देठ निघतो, वीतभर किंवा जास्तच माती चिरून वर येतो. आता मुद्दा बघा, पहिल्या पावसात पंखवाली वाळवी उडते, जोडी जमिनीत नवं घर करते, पण बहुतेक जातींत ती जोडी बुरशी सोबत नेत नाही. तिची पहिली कामकरी पिल्लं बाहेर पडतात आणि आसपास उमललेल्या अळंब्यांचे बीजाणू, म्हणजे बुरशीचं बारीक बी, गोळा करून आणतात, तेव्हा कुठे नव्या वारुळात पोळा सुरू होतो. म्हणजे सड्यावरच्या, कातळी पठारावरच्या, सगळ्या कळ्या मिटलेल्या असतानाच खुडल्या तर या पोरांनी आणायचं काय? आजचं वारूळ पुढच्या वर्षीही अळंबी देईल, नवं वारूळ कुठून येणार?

आवशीचो झिल:
दादानू, माजी आवस अजून पावसात रानात जाता. ती देठाक धरून हळू पिळता आणि वर काढता, वारूळ फोडणा नाय. आमका ह्या कोणी शिकवूक नको. त्या महिन्याभरात मिळतत त्या पैशात पोरांची पुस्तका येतत. तुमी नियम करतास तो बायांका, आणि चिरेखाणवाल्यांका कोण इचारता? आमच्या वरकशीत चार वारुळा होती, जेसीबी आयलो, एका दुपारात चारय गेली. थंय कोणी अळमी मिटलेली काढली की उमललेली, ह्या बघूक आयलो नाय.

गुरचरण_बचाव:
वरच्या दादाशी शंभर टक्के सहमत. सड्यावर चिऱ्याची खाण, उतारावर काजू-रबराची लागवड, बागेत तणनाशक आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये वणवा, या चार गोष्टींपुढे टोपलीभर अळंबी काढणाऱ्या बाईचा दोष किती? आणि खुडल्याने अळंबी संपते हे गृहीत धरू नका. स्वित्झर्लंडमध्ये ला शानेआच्या राखीव जंगलात 1975 पासून जवळजवळ तीस वर्षं हेच मोजलं. काही तुकड्यांत सगळी अळंबी काढली, काहींत हात लावला नाही. 2006 मध्ये निष्कर्ष छापून आले की काढल्याने पुढच्या वर्षांचं पीक घटत नाही, पिळून उपटा नाहीतर सुरीने कापा, फरक नाही. घट दिसली ती माणसांनी तुडवल्यामुळे. ब्रिटनमधल्या जुन्या कुरणांतही तसंच, तिथल्या वॅक्सकॅप नावाच्या रंगीत छत्र्या कुरणात रासायनिक खत पडलं, नांगर फिरला की नाहीशा होतात, खुडणाऱ्यांमुळे नाही.

कातळसडा:
@गुरचरण_बचाव तो अभ्यास चांगलाच आहे, पण तो जंगलातल्या अळंब्यांवर होता. तिथे बुरशीचं जाळं जमिनीत पसरलेलं असतं, वरची छत्री काढली तरी जाळं राहतं. आपल्याकडेसुद्धा जुन्या वारुळाचं बिघडत नाही, ते मी वरच लिहिलंय. प्रश्न नव्या वाळवीला बुरशी मिळण्याचा आहे आणि तो त्या अभ्यासात येतच नाही, कारण तिथे वाळवीच नाही. तुडवण्याचा मुद्दा मात्र इथे जास्तच लागू. सड्यावर मातीचा थर हातभर पण नसतो, रविवारी गाड्या भरून लोक येतात, सगळीकडे फिरतात, माती दाबली जाते.

@आवशीचो झिल तुमच्या आईला शिकवायचा प्रश्नच नाही. पिळून काढायची तिची पद्धत बरोबर आहे, पोळा खाली शाबूत राहतो. मी बोलतोय ते पहार घेऊन येणाऱ्यांबद्दल. खणलं की पोळा उघडा पडतो, पाणी शिरतं.

बांदेकरीण:
मी विकत घेणारी, त्यामुळे माझं पण ऐका. गोव्यात बुरशीचे अभ्यासक डॉ. नंदकुमार कामत किती वर्षं सांगतायत की वारुळावरची अळंबी वाचवा, आणि तरी सीझनला तिकडचे लोक शंभराच्या जुड्या मागतात म्हणून आपल्याकडची अळंबी सीमेपलीकडे जाते. तुम्ही गावात नियम कराल, पण भाव तिकडे ठरतो. गिऱ्हाईक जोवर कळीच मागतंय तोवर कोण थांबणार?

पेंढा_ते_पैसा:
मग अळंबी लावा ना! भाताच्या पेंढ्यावर धिंगरी मस्त येते, शेडमध्ये पाहिजे तेवढी काढा, रानाला हातच नको.

बांदेकरीण:
@पेंढा_ते_पैसा धिंगरी चांगली, पण वारुळावरच्या अळंबीची चव तिला नाही. सुकं खोबरं भाजून वाटण लावलं की कळतं. आणि ही अळंबी व्यापारी लागवडीत आणणं अजून जमलेलं नाही, वाळवीचा पोळा लागतो तिला. धिंगरी लावली म्हणून रानातली मागणी थांबत नाही, बाजारात दोन्ही विकली जातात.

तारकर्लीचा_नितीन:
मला नियम पटतो. आपल्याकडे 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, माशाला अंडी घालायला वेळ मिळावा म्हणून. समुद्रात चालतं मग रानात का नाही?

आवशीचो झिल:
@नितीन समुद्रात बंदी मोडली तर बोट पकडतत, सरकार बघता. रानात कोण बघतलो? आमचा रान सामायिक सातबाऱ्यावर, पंधरा जणांची नावा, अर्धे मुंबैत. मी दोन अळमी उमलूक ठेवलय तर दुसरो येवन नेतलो. माजा नुकसान आणि वाळवीचोय फायदो नाय.

कातळसडा:
हा तुमचा खरा मुद्दा आहे आणि याचं उत्तर एकट्याच्या हातात नाहीच. 2002 च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता समिती असायला हवी, गावातल्या झाडं-प्राण्यांची लोक जैवविविधता नोंदवही करायला हवी. बऱ्याच ठिकाणी ती कपाटात पडून असते. त्या नोंदवहीत अळंबीच्या वारुळांची नोंद करा, कुठल्या माळावर, कुठल्या गुरचरणात. मग उद्या खाणीचा प्रस्ताव आला तर ग्रामसभेत दाखवायला हातात कागद असेल. म्हणून म्हणतो, खाणीचा मुद्दा आणि माझा मुद्दा वेगळे नाहीत. जिथे वारुळाची नोंद तिथे खाण नको, आणि तिथेच प्रत्येक वारुळावर थोडी अळंबी उमलू द्यायची. एकाच ठरावात दोन्ही.

गुरचरण_बचाव:
कागदावर छान वाटतं. पण ठरावातला खाणीचा भाग वर गेल्यावर अडकेल आणि अळंबीचा भाग लगेच लागू होईल, कारण बाईला अडवणं सोपं. आधी खाण थांबवून दाखवा, मग उमलू द्या म्हणा. मी तोपर्यंत विरोधातच.

रत्नांग्रीची_सून:
मध्येच एक, नवीन लोकांनी माळावरची कुठलीही पांढरी छत्री उचलू नका. गुरांच्या चरणीत एक मोठी पांढरी येते, तिचे बीजाणू हिरवट असतात, खाल्ली की उलट्या-जुलाब. लसूण काळी पडते, चांदीचं नाणं काळं होतं, या परीक्षा खोट्या आहेत. जाणती माणसं सोबत असल्याशिवाय काढू नका.

बांदेकरीण:
@कातळसडा गिऱ्हाईक म्हणून मी एवढं करू शकते की कळ्यांचा वाटा घेणार नाही, उमललेलीच मागेन. जास्त लोकांनी मागितली तर भाव बदलेल.

आवशीचो झिल:
ताई, उमललेली दुपारपर्यंत मऊ पडतत, सांजेक अळये दिसतत. सकाळी साताक आवस बाजारात बसता, बारापर्यंत खपली नाय तर ती टोपली परत घरी. तुमी साडेसाताक येवन घेशात काय?

बांदेकरीण:
येईन. आणि गल्लीतल्या आणखी दोघी-तिघींना सांगते, बाजाराच्या दिवशी सात-साडेसातलाच. आईंना सांगा, अर्ध्या उघडलेल्या चालतील, पण एकदम बारीक कळ्या आणू नका म्हणावं.

कातळसडा:
अर्ध्या उघडलेल्या काढल्या तरी थोड्या पूर्ण उघडायला मागे सोडाव्याच लागतील, कारण बीजाणू छत्री पूर्ण उघडल्यावर पडतात आणि टोपलीतले बीजाणू रानाच्या कामाचे नाहीत.

आवशीचो झिल:
आवशीक इचारून सांगतय. दोन वारुळा आमच्याच आंगणामागे आसत, थंय दुसरो कोण येवक शकणा नाय. थंयसून सुरू करूक हरकत नाय. माळावरचा काय ता ग्रामसभेत बघूया, आणि खाणीचो इषय पयलो घेवचो लागतलो.