दोन गुंठ्यांत तीस घरांची भाजी: गरज की आपली हौस?

अळूवडी: आमच्या वॉर्डात बागेसाठी राखीव ठेवलेला दोन गुंठ्यांचा तुकडा राडारोड्याखाली पडून होता. तो साफ करून आम्ही पालक, माठ, चवळई, अळू लावतोय. दर शनिवारी शेजारच्या वस्तीतल्या तीस घरांना जुड्या जातात. परवा बैठकीत एकाने विचारलं, "एवढं राबण्यापेक्षा घाऊक बाजारातून आणून का वाटत नाही?" मला तरी शेत राहावंसं वाटतं. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने माणशी महिना ५ किलो धान्य मिळतं, पण रेशनवर भाजी कुठे मिळते? तुमचं मत सांगा.

हिशेबी: रागावू नका, पण आकडेमोड करा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने सुचवलेल्या ताटात माणशी रोज ४०० ग्रॅम भाजी आहे. चौघांचं घर धरलं तर तीस घरांना दिवसाला ४८ किलो. दोन गुंठे म्हणजे २१७८ चौरस फूट, त्यातून पायवाटा वजा करा. वर्गणी काढून वाशीच्या घाऊक बाजारातून टेम्पो भरून आणा, चौपट घरं खातील. रविवारी माती उकरायची हौस असेल तर खुशाल उकरा, फक्त गरजूंचं नाव पुढे करू नका.

अळूवडी: ४८ किलोंचा दावा केलाय कुणी? कोवळा माठ सकाळी कापून दहाला दारात पोचतो, टेम्पोतली मेथी दुपारी पिवळी पडते. आणि टेम्पोची वर्गणी तिसऱ्या महिन्यात आटते, हे सोसायटीच्या गणपतीवरून ठाऊक आहे.

रूळकाठ: मुंबईत रुळांलगत नाल्याच्या पाण्यावर वाढलेला पालक आपण वर्षानुवर्षं खाल्लाय. तुमची राडारोड्यातली माती तपासलीत का? की गरिबाला काहीही चालतं?

अळूवडी: बोचलं, पण प्रश्न रास्त आहे. जमिनीत काहीच लावत नाही. विटांचे वाफे रचून त्यात उसाची चिपाडं, पालापाचोळा, वर मूठमूठ माती. चिपाडं रसवंतीवाला फुकट देतो. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर ओल्या कचऱ्यावर भाज्या पिकवल्या गेल्या, तीच वाट. पाणी नळाचं.

हिशेबी: म्हणजे पिण्याच्या पाण्यावर माठ. छान.

आठची_लोकल: मी अशाच एका वाटपातून भाजी घेते (तुमच्या नव्हे). घरी पोचायला साडेआठ होतात. तेव्हा मातीने भरलेली माठाची जुडी हातात आली की निवडायची कधी? दोनदा तशीच सुकली. वाटणाऱ्या बाई फोटो काढून गेल्या होत्या, म्हणून टाकतानाही चोरी केल्यासारखं वाटलं. मला मिरची, कोथिंबीर, दोन वांगी हवी होती. कुणी विचारलं नाही. टेम्पोवालेही विचारणार नाहीत, हिशेबीदादा. त्यापेक्षा एक वाफा द्या, मी अंबाडी लावीन. आमच्याकडे कण्या घालून, वरून लसणाची फोडणी देऊन करतात. रविवारी तासभर मलाही निघतो.

रूळकाठ: +१. वाफा द्या, जुडी नको.

हिशेबी: वाफा दिला की उद्या त्यावर हक्क सांगतील. आरक्षणाची जागा आहे, पालिकेने मागितली तर?

आठची_लोकल: मग अळूवडीताईंसारखीच मीही उठेन. अंबाडी काय, दोन महिन्यांची.

अळूवडी: ताई, तीस घरांपैकी एकालाही मी "काय लावू?" असं विचारलेलं नाही. नळाजवळचे तीन वाफे रिकामे आहेत. शनिवारी जुड्यांबरोबर वही घेऊन जाते.

हिशेबी: वहीत पाण्याच्या बिलाचाही रकाना ठेवा.