काजूच्या टरफलाचं तेल: रिंगवर तीनच प्रोटॉन हवेत, मग ६.६ कुठून?

सत्तरीची_बी
एमएस्सीचा प्रोजेक्ट: काजूच्या टरफलातून अ‍ॅनाकार्डिक अ‍ॅसिड (बेंझिन रिंगवर ओएच, कार्बॉक्सिल आणि लांब कार्बन शेपटी) काढून ते तेच आहे हे दाखवायचं. घराजवळच्या काजू फॅक्टरीतून गोणभर टरफलं फुकट मिळाली. हेक्झेनमध्ये भिजवली, गाळलं, आटवलं. तपकिरी, चिकट तेल आलं. आमच्याकडे मशीन नाही, नमुना बाहेर पाठवून प्रोटॉन एनएमआर (रेणूतले हायड्रोजन कुठे आणि किती, ते दाखवणारा आलेख) काढून आणला.

पीक असे (आकडे पीपीएममध्ये; ट्रिपलेट म्हणजे तीन फाटींचा, डबलेट म्हणजे दोन): ७.१५ ट्रिपलेट, ६.७६ डबलेट, ६.६६ ला गुंता, मग ५.८, ५.४ ते ५.०, ४.७ रुंद, २.८, २.५५ ट्रिपलेट, २.०, १.३, ०.९. पीकचं क्षेत्रफळ हायड्रोजनच्या संख्येच्या प्रमाणात असतं; शेपटीच्या टोकाचा मिथाइल (सीएच-थ्री) ३ धरला तर अरोमॅटिक (रिंगचा) भाग ६.६ भरतो आणि २.५५ चा ३.३. रिंगवर आधीच तीन गट आहेत, म्हणजे तीनच प्रोटॉन उरायला हवेत ना? नमुना ज्यात विरघळवला त्या क्लोरोफॉर्मचा ७.२६ चा पीक वगळलाय. सर म्हणतात सॉल्व्हंट राहिला असेल. सोमवारी सेमिनार आहे, प्लीज!

फणसाचो_गरो
टोल्युइन असणार. आमच्या लॅबमध्ये सगळ्याच बाटल्यांत टोल्युइन असतं.

जुना_पिपेट
टोल्युइन असता तर २.३६ ला मिथाइलचा सिंगलेट ओरडून सांगत असता. तो यादीत नाही.

बाय, मी वेर्ण्याला औषध कंपनीत क्यूसीत (गुणवत्ता तपासणीत) २८ वर्षं काढली. माझं एकच सांगणं, कशाला ३ धरायचं ते आधी ठरव. काजूच्या तेलात पंधरा कार्बनची शेपटी सगळ्या रेणूंत सारखी नसते. कुणात एक डबल बाँड, कुणात दोन, कुणात तीन. तीनवाल्याच्या टोकाला मिथाइल नसतोच, तिथे व्हिनाइल (टोकालाच डबल बाँड) असतो. तुझे ५.८ आणि ५.० चे पीक त्याचेच. म्हणजे मिथाइल ३ पेक्षा कमी आणि तू तो ताणून ३ केलास. रिंगला चिकटलेला सीएच-टू मात्र प्रत्येक रेणूत असतो. २.५५ ला २ धर. ६.६ भागिले ३.३, गुणिले २: रिंगवर चार प्रोटॉन.

आता आकार बघ. ७.१५ चा ट्रिपलेट, फाटींमधलं अंतर (J) साधारण ८ हर्ट्झ. म्हणजे दोन्ही बाजूंना ऑर्थो (लगतच्या कार्बनवर) शेजारी असलेला एकच प्रोटॉन. बाकीचे तीन ओएचच्या ऑर्थो-पॅराला (लगत किंवा समोर), म्हणून वर, कमी आकड्याकडे सरकलेले. हा मेटा-अल्किल फिनॉल (ओएचपासून एक जागा सोडून शेपटी, कार्बॉक्सिल नाही), म्हणजे कार्डॅनॉल. अ‍ॅनाकार्डिकमध्ये ट्रिपलेट ७.३६ च्या आसपास, दोन डबलेट ६.८७ आणि ६.७७ ला, आणि कार्बॉक्सिल शेजारी असल्यामुळे तो सीएच-टू २.९७ ला जातो. तुझ्याकडे तिथे काहीच नाही.

टरफलं भाजलेली होती का?

सत्तरीची_बी
आत्ताच फॅक्टरीत फोन केला. ड्रममध्ये भाजून फोडतात 🤦‍♀️ मला वाटलं टरफल ते टरफल.

जुना_पिपेट
उष्णतेने अ‍ॅनाकार्डिकचा कार्बॉक्सिल कार्बन डायऑक्साइड होऊन उडाला, उरला कार्डॅनॉल. सरांना सांग सॉल्व्हंट नाही, भट्टी आहे.

टीएमएस_शून्य
दादांचं बरोबर. ताई, ६.२ जवळ बारीक पीक आहेत का बघा, असले तर थोडा कार्डॉलही (दोन ओएचवाला भाऊ) आहे. कार्बन एनएमआर जमला तर १७५ च्या आसपास कार्बॉक्सिल नाही हे दाखवता येईल, परीक्षक गप्प बसतात. आणि पुन्हा कराल तेव्हा कच्च्या बिया घ्या, वॉटर बाथ कोमट ठेवा, अर्क कॅल्शियम हायड्रॉक्साइडबरोबर ढवळा. अ‍ॅसिडचं कॅल्शियम सॉल्ट खाली बसतं, फिनॉल वर राहतात. हातमोजे डबल घाला.

सत्तरीची_बी
मोज्यांचं सांगायला नको, लहानपणी कच्ची बी दाताने फोडली होती. आठवडाभर ओठ सुजलेले.

६.२ ला खरंच दोन छोटे पीक आहेत, मी ते कचरा समजून सोडले होते. सेमिनारला कार्डॅनॉलच मांडते. आता ऑगस्टात कच्च्या बिया कुठून आणू? आजीने रुजवायला दोन किलो बाजूला ठेवल्यात. विचारलं, तर म्हणाली, “फोडून तेल काढून फेकणार? आणि गर?”

गर तिला द्यायचा ठरलाय.