करवली नक्की कोणाची?

अनुवादवेडी:
माझ्या भाचीचं लग्न इंग्लंडमध्ये लेस्टरला आहे, नवरा तिकडचाच. सकाळी आपल्या पद्धतीनं लग्न, दुपारी चर्च. पाहुण्यांसाठी छोटी कार्यक्रमपत्रिका करतेय, एका बाजूला इंग्रजी, दुसऱ्या बाजूला मराठी. भाचीनं चार ब्राइड्समेड निवडल्यात: धाकटी सख्खी बहीण, एक चुलतबहीण, कॉलेजची गुजराती मैत्रीण आणि ऑफिसातली एक, जिला पाच वर्षांचा मुलगा आहे. मी चौघींना 'करवल्या' लिहून टाकलं. मसुदा मिरजेच्या मावशीला दाखवला तर तासाभरात तिचा फोन. "अगं, करवली नवऱ्याची बहीण असते. नवरीकडून कसली करवली? आणि मैत्रिणी कुठून आल्या त्यात?" मी पुण्यात वाढले, आमच्याकडे नवरीमागे उभ्या राहणाऱ्या बहिणीलाही करवलीच म्हणायचे. कोण बरोबर? शुक्रवारी पत्रिका छापायला जायची आहे.

कृष्णाकाठ:
ताई, मावशी बरोबर आहेत. आमच्याकडे करवली म्हणजे वराची बहीण. वरमाईच्या खालोखाल तिचा मान. तिची साडी वेगळी काढलेली असते, तिला आधी हळदीकुंकू लागतं, आणि ती रुसली तर समजूत काढायला नवरीचे वडील स्वतः जातात. नवरीच्या बहिणीला हा मान कुठून मिळणार, ती तर घरचीच. नवरीबरोबर सासरी जाते ती पाठराखीण. दोन्ही शब्द वेगळे आहेत, कामं वेगळी आहेत. त्यांची सरमिसळ करू नये.

पदर:
कृष्णाकाठ, मान कोणाचा हे सोडा, काम काय ते बघा. मंगलाष्टकांच्या वेळी अंतरपाटाच्या अलीकडे-पलीकडे मामा उभे असतात आणि त्यांच्या जवळ दोन बहिणी, एकीच्या हातात करा, एकीच्या हातात शकुनाचा दिवा. आमच्या घरी दोघीही करवल्याच. शब्दातच करा आहे की! संस्कृत करक, म्हणजे पाण्याचं भांडं, त्याचा मराठीत करा झाला. तो धरणारी ती करवली. कोणाची बहीण हे शब्दात कुठेच नाही.

बेळगावकर:
पदर यांना दुजोरा. आमच्या भागात कानडी लग्नात कळस धरून उभी राहणारी मुलगी असते, तिला कळसगित्ती म्हणतात. इकडे करा, तिकडे कळस, दोन्हीकडे बाईचं नाव भांड्यावरूनच. माझ्या मते हा शब्द दोन भाषांनी एकाच चालीवर घडवलाय. कोणी कोणाकडून घेतला यावर आमच्या घरी दर लग्नात वाद होतो.

मातृभाषा_जपा:
मुळात ब्राइड्समेडला करवली म्हणायचंच कशाला? 'वधूसखी' हा नेमका, सुंदर, आपल्या संस्कृतातून आलेला शब्द आहे. बहिणी, मैत्रिणी, विवाहित, अविवाहित, सगळ्या त्यात बसतात. इतका चांगला शब्द असताना 'ब्राइड्समेड' देवनागरीत लिहिणं मला तरी खटकतं.

पदर:
वधूसखी कोणाच्या तोंडी ऐकलाय का तुम्ही? मी तरी लग्नघरात "वधूसखी, जरा दिवा धर" असं कोणाला म्हणताना ऐकलेलं नाही.

मातृभाषा_जपा:
वापरला नाही तर तोंडी येणार कसा? आणि 'सखी' काही आजचा शब्द नाही. अनसूया-प्रियंवदा कोण होत्या शकुंतलेच्या?

जुनी_पोथी:
त्यांचंच उदाहरण घ्या. शाकुंतलाच्या चौथ्या अंकात शकुंतला कण्वांना विचारते, सख्या माझ्याबरोबर येणार नाहीत का? कण्व म्हणतात, यांचंही लग्न व्हायचं आहे, यांनी तिथे जाणं योग्य नाही, तुझ्याबरोबर गौतमी येईल. म्हणजे सजवायला, निरोप द्यायला सख्या, आणि सोबत जायला वडीलधारी बाई. 'कोणाला चालतं' हा प्रश्न तेव्हाही होता. आमच्या आजोळी पाठराखीण म्हणून आत्या किंवा आजीच जायची. हल्ली धाकट्या बहिणीला पाठवतात.

इंग्लंडात उलटं होतं. 1840 मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या लग्नात तिच्या झग्याचा लांब घोळ धरायला बारा जणी होत्या, सगळ्या उमरावांच्या अविवाहित मुली. लग्न झालेलीला तिथे 'मेट्रन ऑफ ऑनर' हे वेगळं नाव. ताईंच्या यादीतल्या चौथीला हे विचारून बघा, इंग्रजी बाजूलाही तिची वेगळी ओळ लागेल कदाचित.

जुवारी:
गोंयच्या क्रिस्तांव लग्नात आमचो शब्द आसा, धेडी. नवऱ्यासोबतचो तो धेडो. मराठीत सांगते: माझ्या वेळी धेडी म्हणून माझी मावसबहीण होती, अजून लग्न न झालेली, कारण आईला तेच हवं होतं. माझ्या मुलीनं तिची शेजारीण घेतली, दोन मुलांची आई. आईनं विरोध केला नाही, रोस, म्हणजे लग्नाआधी नारळाचा रस, लावताना त्या शेजारणीलाच जवळ बसवलं. अनुवादवेडी, चर्चच्या भागासाठी आमचा शब्द घ्या की. पुण्यातल्या पाहुण्यांना कळणार नाही, पण विचारतील तरी.

पदर:
जुवारी, तुमचं वाचून लिहावंसं वाटलं. माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान लग्नानंतर दोन वर्षांत गेले. 1994 साली भावाच्या लग्नात करा तिनंच धरायचा होता. थोरली ती, आणि वराची बहीणही, म्हणजे कृष्णाकाठ यांच्या व्याख्येत अगदी चोख बसणारी. आयत्या वेळी घरातल्या जाणत्यांनी करा नऊ वर्षांच्या मावसबहिणीच्या हातात दिला. ताई काही बोलली नाही. मंगलाष्टकं चालू असताना ती स्वयंपाकघरात पानं मोजत होती. म्हणून कोणी "करवली म्हणजे अमुकच" असं म्हटलं की मला आधी हेच आठवतं. सख्खी बहीण असून चालली नाही. मग गुजराती मैत्रिणीला का चालू नये?

कृष्णाकाठ:
पदरताई, तुमच्या बहिणीवर अन्याय झाला, त्यात शंका नाही. आमच्या घरी गेल्या वर्षी माझ्या विधवा आत्येबहिणीनंच करा धरला आणि भटजींनीही काही म्हटलं नाही. पण तो रिवाजाचा दोष, शब्दाचा नव्हे. रिवाज बदला, शब्दाचा अर्थ कशाला पातळ करता? उद्या नवरीच्या मेकअपवालीलाही करवली म्हणतील.

पदर:
शब्द आणि रिवाज इतके वेगळे काढता येतात असं मला वाटत नाही.

आगरवाट:
आमच्याकडे करवली नाही, कलवरी. पनवेल-उरणच्या कुठल्याही हळदीला जा, कलवरीच ऐकाल. आणि आमच्या लग्नात खरा मान धवलारणीचा, ती धवले, म्हणजे लग्नातली पारंपरिक गाणी, गायल्याशिवाय काही हलत नाही.

मातृभाषा_जपा:
कलवरी हा अपभ्रंश. शुद्ध रूप करवली.

बेळगावकर:
अपभ्रंश कसला, वर्णविपर्यय आहे. नुकसानचं नुसकान होतं तसं. आणि कलवरीच आधीचं नसेल कशावरून? कलश + वरी?

जुनी_पोथी:
कलशावरून कलवरी पटत नाही, मधला श गेला कुठे? पदर यांची करक-करा ही वाट जास्त सरळ आहे.

आगरवाट:
आमच्या आज्यांना अपभ्रंश म्हणू नका एवढंच.

अनुवादवेडी:
सगळ्यांचे आभार. भाचीला धेडी आवडलाय, मावशीला मुळीच नाही. 'पाठराखीण' लिही, असं मावशी आता म्हणतेय, पण चौघींतली एकही सासरी जाणार नाही. नवऱ्याकडच्या बेस्ट मॅनला मराठीत काय लिहायचं ते तर अजून ठरलंच नाही.

वैदर्भी:
उशिरा आलो. बेस्ट मॅनवरून आठवलं, आमच्या नागपुराकडे घोड्यावर नवरदेवाच्या पुढ्यात एक लहान पोरगं बसवतात. हिंदीत त्याला शहबाला म्हणतात. तुमच्याकडे त्याला काय म्हणतात?