सगळ्या पेशींत सारखाच जीन, मग सिकलसेल फक्त रक्तातच काहून?

मानेवाड्याची_आई
नमस्कार मंडळी. मुलगी नववीत आहे. शाळेत सिकलसेलची, म्हणजे तांबड्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात त्या आनुवंशिक आजाराची, तपासणी झाली, तिच्या मैत्रिणीचा रिपोर्ट एएस (वाहक) आला, तेव्हापासून पोरगी एकच विचारून राहिली की मॅडम म्हणतात शरीरातल्या प्रत्येक पेशीत तेच जीन असतात, मग तो खराब जीन कातडीतही असेल, डोळ्यातही असेल, तर तिथल्या पेशी काहून वाकड्या होत नाहीत? आणि तांबड्या पेशीत तर केंद्रकच नसतं असं पुस्तकात आहे. म्हणजे जिथे जीन नाही तिथेच बिमारी? मी कॉमर्सवाली, कोणी नीट सांगा, तिला वाचून दाखवते.

लॅबवाला_भाऊ
ताई, पोरीने एकदम मुद्द्याचं विचारलं. तांबडी पेशी तयार होते हाडातल्या लाल मज्जेत आणि तेव्हा तिच्यात केंद्रक असतं बरं. त्या काळात ती बीटा ग्लोबिनचा (हिमोग्लोबिनचा एक भाग) जीन जोरात चालवते आणि हिमोग्लोबिन ठासून भरते, एका पेशीत जवळपास २७ कोटी रेणू. भरत आलं की केंद्रक बाहेर ढकलते, मज्जेतल्या भक्षक पेशी ते खाऊन टाकतात, आणि मग ही रक्तात उतरून साधारण १२० दिवस काम करते. जीन गेला पण त्याने बनवलेला माल आतच राहिला ना. सिकलसेलमध्ये त्या जीनचं एक अक्षर बदललेलं असतं, त्यामुळे बीटा ग्लोबिनच्या साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्ल या अमिनो आम्लाऐवजी व्हॅलिन हे दुसरं बसतं. बस, एवढंच.
कातडीच्या पेशीतही हाच खराब जीन आहे, पण तिथे तो कायम बंद. कातडी केराटिन बनवते, तिला हिमोग्लोबिनशी घेणंदेणं नाही.

जीवशास्त्र_ताई
वर भाऊंनी छान सांगितलं. पेशी विशेष होते म्हणजे तिचे काही जीन चालू राहतात आणि बाकीचे गप्प बसतात, याला विभेदन म्हणतात, आणि केंद्रक टाकून देणं हे काही फक्त रक्ताचंच नाही. डोळ्याच्या भिंगातल्या पेशीही टाकतात, म्हणून तर उजेड आरपार जातो. झाडाच्या रसवाहिनीतल्या चाळणनलिका केंद्रक गमावूनही जिवंत राहतात कारण शेजारची सहपेशी त्यांचं सगळं बघते.
पेशी, ऊती, अवयव ही पायरी मुलीला दाखवायची असेल तर संत्र्याची फोड घ्या, वरची पातळ साल काढा, आत रसाच्या बारीक पिशव्या दिसतील. पुष्कळ मुलं एका पिशवीला एक पेशी समजतात, पण ती अनेक पेशींची असते, बाहेरचा थर चिवट आणि आतल्या पेशी रसाने फुगलेल्या. फळ अगदी कोवळं असताना फोडीच्या आतल्या भिंतीतून केसासारखी निघते ती. भिंग असेल तर नक्की बघा, मला तर अजूनही बघत बसावंसं वाटतं.

मानेवाड्याची_आई
फार छान सांगितलं दोघांनी! आता तिचा पुढचा प्रश्न, बिघाड रक्तात तर हाडं काहून दुखतात?

लॅबवाला_भाऊ
कारण रक्त सगळीकडे जाते ताई. चांगली तांबडी पेशी ७-८ मायक्रॉनची, पण लवचिक, त्याहून बारीक केशवाहिनीतूनही दुमडून निघून जाते. सिकलवाल्याची पेशी ऑक्सिजन सोडते तेव्हा आतलं हिमोग्लोबिन एकमेकाला चिकटून लांब दोऱ्या होतात, पेशी ताठ होते आणि अडकते. पुढच्या ऊतीला रक्त पोचत नाही, हाडात तेच झालं की असह्य कळा येतात. प्लीहा म्हणजे पोटातला जंतूंशी लढणारा अवयव, तिच्या फटी तर फारच अरुंद, तिथे असं वारंवार झालं की ती आकसते आणि लहान लेकराला इन्फेक्शन लवकर पकडतं. आणि या पेशी १०-२० दिवसच टिकतात, मज्जा कितीही राबली तरी भरपाई होत नाही, म्हणून रक्त कमी.
आणखी एक, एसएस बाळ, म्हणजे दोन्ही जीन बदललेलं, सिकलसेलचा आजार असलेलं बाळ, पहिले काही महिने ठणठणीत दिसते. कारण पोटात असताना वेगळा ग्लोबिन जीन चालू असतो, गॅमा, त्यात हा दोष नाही. जन्मानंतर तो हळूहळू बंद होतो, बीटा चालू होतो, आणि साधारण सहा महिन्यांनंतर त्रास दिसू लागतो. हायड्रॉक्सीयुरिया गोळीने हेच गॅमावालं हिमोग्लोबिन वाढतं. २०२३ मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेत मंजूर झालेली जीन एडिटिंगची उपचारपद्धतीही तोच गॅमा पुन्हा चालू करते, पेशंटच्याच रक्ताच्या मूळ पेशी काढून, बदलून परत देतात.

जीवशास्त्र_ताई
आणि त्या मैत्रिणीला कोणी घाबरवू नका प्लीज. एएस म्हणजे एक जीन चांगला, एक बदललेला, ती वाहक आहे, आजारी नाही, खेळू-धावू शकते, फक्त खूप मेहनत असेल तेव्हा पाणी भरपूर प्यायचं. लग्न ठरताना मात्र जोडीदाराची तपासणी आधी करून घ्यायची, कारण दोघंही एएस असले तर प्रत्येक गरोदरपणात बाळ एसएस होण्याची शक्यता चारात एक असते. पहिलं बाळ चांगलं झालं म्हणून दुसऱ्या वेळची शक्यता कमी होत नाही, हे आपल्याकडे अजून बऱ्याच घरांत माहीतच नाही.