मदत हवी आहे: टेक्सासमधल्या नर्स प्रॅक्टिशनर मंडळींसाठी प्रश्न

नमस्कार. मी ॲरिझोनात फॅमिली नर्स प्रॅक्टिशनर (पेशंट तपासून औषधं लिहून देणारी, जास्त शिकलेली नर्स) आहे आणि नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही ऑस्टिनला चाललोय. इथे मी स्वतःच्या लायसन्सवर तपासते, औषधं लिहून देते, डॉक्टरच्या सहीचा प्रश्नच नाही. टेक्सासमध्ये मात्र डॉक्टरशी लेखी करार केल्याशिवाय साधी ॲमॉक्सिसिलिनही लिहून देता येत नाही. वर क्लिनिकमधल्या एका डॉक्टरला नर्स प्रॅक्टिशनर आणि फिजिशियन असिस्टंट (डॉक्टरच्या देखरेखीखाली पेशंट तपासणारे) मिळून 7 पूर्णवेळ जणांचीच मर्यादा.

खरी पंचाईत शेड्यूल 2 ची, म्हणजे व्यसनाचा धोका असल्याने कडक नियंत्रण असलेल्या औषधांची. एडीएचडीसाठी (लक्ष न टिकण्याचा विकार) ॲडरॉल हे असंच औषध घेणारे पेशंट माझ्याकडे नेहमीचे. तिथे हॉस्पिटल किंवा हॉस्पिसबाहेर (अखेरच्या टप्प्यातल्या पेशंटची सेवा) ते मला लिहिताच येणार नाही! मग तुम्ही करता काय? दर महिन्याला डॉक्टरांच्या मागे लागायचं?

दुसरं, करारासाठी डॉक्टर महिन्याला साधारण किती घेतात? आणि त्यांनी मध्येच करार मोडला, तर दुसरा डॉक्टर मिळेपर्यंत क्लिनिक बंद ठेवायचं का? पर्यायी डॉक्टरचं नाव करारात आधीच घातलंय का कुणी?

बोर्डाचे नियम वाचलेत, त्यामुळे लिंक नकोत. प्रत्यक्ष अनुभव सांगा. फिजिशियन असिस्टंट असाल तरी चालेल.